दात सांधण्यापूर्वी दात पोसावा काय?

मद्रास शहराला, म्हणजे आजच्या चेन्नईला, चुनेगच्ची कामाची मोठी परंपरा आहे. समुद्रकाठचे शिंपले भाजून त्यांचा चुना करावयाचा, तो बारीक घोटावयाचा, अखेरच्या थरात दही, तूप आणि अंड्यातील पांढरा बलक मिसळावयाचा आणि मग भिंत अशी घासावयाची की ती संगमरवरासारखी चमकू लागे. ‘मद्रासी चुना’ या नावाने ही कारागिरी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्ध होती. मैलापूर हा या शहराचा अतिशय जुना भाग. कपालीश्वराचे मंदिर, त्याचे विस्तीर्ण तळे आणि भोवतालच्या माडवीथी यांनी तो गजबजलेला आहे. तंजावरकडील मराठी घराण्यांचेही हे एक वसतिस्थान. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून कीर्ती मिळविलेले सर टी. माधवराव १८९१ साली या मैलापुरातच निवर्तले.

अशा जुन्या वस्तीत घरांची डागडुजी सदैव चालू असते, आणि ती करणारा कसबी गवंडी दोन नियम कधी मोडीत नाही. पहिला असा की, चकचकीत घासलेल्या जुन्या भिंतीवर नवा गिलावा तो थेट चढवीत नाही. जात्याला टाकी लावावी तशी ती भिंत आधी टोचून खरबरीत करतो, धूळ झटकतो, पाणी मारतो, आणि मगच नव्या मालाला हात घालतो. दुसरा असा की, लोणा लागून भुसभुशीत झालेल्या भिंतीवरही तो गिलावा लावीत नाही. कारण गिलावा भिंतीला धरला तरी भिंतच पोपड्यासारखी सुटून येते. अतिशय घट्ट आणि गुळगुळीत पृष्ठभाग जसा नव्या थराला धरीत नाही, तसाच अतिशय पोकळ पृष्ठभागही त्याला टिकवीत नाही.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो भिंतींचा नसून दातांचा आहे. मी दंतवैद्य नव्हे. सरकारी कचेरीत कागद हाताळणारा माणूस. परंतु दंतवैद्यकात सध्या एक असा प्रश्न चर्चिला जात आहे की, ज्याच्याशी आपणा प्रत्येकाचा, आणि विशेषतः आपल्या मुलांचा व वृद्धांचा, निकटचा संबंध आहे. या शास्त्राने गेल्या काही दशकांत दोन उत्तम उपाय हस्तगत केले. एक, दातातून झिरपून गेलेले खनिज पुन्हा दातात भरणे. याला पुनर्खनिजीकरण म्हणतात. दुसरा, दाताला चिकटणाऱ्या राळेने पोकळी सांधणे. हे दोन्ही उपाय एकाच दातावर, एकामागून एक करण्याचा प्रसंग वारंवार येतो. तेव्हा ते परस्परांना साह्य करतात की एकमेकांच्या आड येतात, हा तो प्रश्न.

प्रथम दाताची घडण पाहू. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. हे आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. त्याच्या आत दाताचा मुख्य देह असतो, त्याला दंतिन म्हणतात. दंतिनात खनिज सुमारे ७० टक्के, पाणी सुमारे १० टक्के, आणि उरलेला भाग मुख्यत्वे कोलॅजन नावाच्या तंतुमय प्रथिनाचा असतो. गवताच्या काड्या मळून केलेल्या मातीच्या भिंतीशी त्याची तुलना करता येईल: तंतू लवचिकपणा देतात, खनिज कठीणपणा देते. खेरीज दंतिनात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्या दाताच्या गाभ्यातील जिवंत भागापासून निघून बाहेरच्या दिशेने जातात. बाहेरच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे २० हजार असते, आणि गाभ्याजवळ ती दुपटीहून अधिक होते. या नलिकांत द्रव भरलेला असतो. कवच झिजून नलिकांची तोंडे उघडी पडली की थंड पाणी दातांना झोंबते ते त्या द्रवाच्या हालचालीमुळे. सारांश, दंतिन हा ओलसर, सच्छिद्र आणि सजीवाशी जोडलेला पदार्थ आहे. त्याला काही चिकटविणे म्हणजे दमट भिंतीवर कागद चिकटविण्याइतके कठीण काम.

दाताची कीड म्हणून आपण जिला म्हणतो तीत कीटक कोणताच नसतो. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल खनिज विरघळविते. लाळेची आम्लता साडेपाच या अंकाच्या खाली गेली की दंतवल्क विरघळू लागते. दंतिन मात्र सहा-साडेसहाच्या आसपासच विरघळू लागते. म्हणूनच हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडलेल्या वृद्धांचे दात इतक्या लवकर किडतात. उलटपक्षी आम्ल ओसरले की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा दातात शिरतात. झीज आणि भर यांचा हा जमाखर्च आपल्या तोंडात दिवसभर चालू असतो. दर तासाला गोड कॉफीचा पेला घेणाऱ्याच्या खात्यात खर्चच अधिक पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

किडलेल्या दंतिनाचे दोन थर असतात, हे जपानमधील दंतशास्त्रज्ञ फुसायामा यांनी स्पष्ट करून दाखविले. वरचा थर जंतूंनी भरलेला आणि तंतू कुजलेला. तो काढलाच पाहिजे. त्याखालचा थर मऊ झालेला असतो, त्यातील खनिज कमी झालेले असते, पण त्याचे तंतू शाबूत असतात. हा दुसरा थर पुन्हा खनिज घेऊ शकतो. तो वाचविण्याजोगा आहे. पूर्वी तो वाचविण्याची सोय नव्हती. चांदी आणि पारा यांचे मिश्रण दाताला चिकटत नाही. म्हणून ते अडकून राहावे यासाठी आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागे. पुढे कीड लागू नये म्हणून आसपासचा निरोगी भागही काढून टाकावा, अशी विसाव्या शतकाच्या आरंभीची शिकवण होती. ज्याचा दात एकदा कोरला गेला, त्याचा तो दर वेळी थोडा अधिक कोरला जाई, आणि अखेरीस काढण्याची पाळी येई. आपल्या आजच्या प्रश्नाचे खरे महत्त्व यातच आहे. मऊ झालेला थर पोसून त्यावरच सांधा बसविता आला, तर आपला स्वतःचा दात तितका अधिक शिल्लक राहतो आणि गाभ्याला धक्का लागत नाही.

चिकटविण्याच्या विद्येचा आरंभ १९५५ साली झाला. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फरिक आम्ल लावून ते खरबरीत केले, आणि त्यावर लावलेली राळ घट्ट धरते असे दाखविले. गवंड्याची टाकी येथे आम्लाने चालविली, एवढाच फरक. पुढे बोवेन यांनी काचेच्या पुडीने बळकट केलेली नवी राळ सिद्ध केली. तिच्यापासून आजची दाताच्या रंगाची भरणद्रव्ये आली. दंतवल्काचा प्रश्न सुटला, पण दंतिनाचा सुटेना. फुसायामा यांनी १९७९ च्या सुमारास दंतिनावरही आम्ल लावण्याचे धाडस केले. त्यानंतर १९८२ साली टोकियोचे नाकाबायाशी यांनी त्यामागचे मर्म उलगडले. आम्लाने वरच्या काही मायक्रॉनांतील खनिज निघून जाते आणि तंतूंची जाळी उघडी पडते. पातळ राळ त्या जाळीत शिरून घट्ट झाली की दात आणि राळ यांचा एक संमिश्र थर तयार होतो. तो थर हाच सांध्याचा पाया होय.

आज या कामाच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. पहिलीत तीव्र आम्ल काही सेकंद लावून धुऊन काढतात आणि मग राळ लावतात. दुसरीत राळेतच सौम्य आम्लगुण असतो. ती खनिज थोडेसे विरघळवीत आत जाते आणि धुण्याचे कारण पडत नाही. या दुसऱ्या प्रकारातील काही द्रव्ये दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंधही जोडतात. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. पहिल्या पद्धतीला उघडी जाळी आणि मोकळ्या नलिका हव्या असतात. दुसरीला जागेवर शिल्लक असलेले कॅल्शियम हवे असते.

आता पुनर्खनिजीकरणाची साधने. सर्वांत जुने म्हणजे फ्लोराइड. ते दातातील खनिजाला आम्लापुढे अधिक टिकाऊ करते. दुसरे साधन दुधातून आले आहे. दुधात इतके कॅल्शियम असूनही ते तळाशी बसत नाही, कारण केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवते. मेलबर्न विद्यापीठाचे एरिक रेनल्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी केसीनच्या तुकड्यांत कॅल्शियम व फॉस्फेट बांधून त्याचा लेप तयार केला. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र तो वर्ज्य आहे. तिसरे साधन म्हणजे लॅरी हेंच यांनी १९६९ साली शोधलेली, शरीरातील हाडाशी एकजीव होणारी काच. तिची पूड ओलाव्यात कॅल्शियम व फॉस्फेट सोडते. चौथे, चांदी आणि फ्लोराइड यांचे द्रावण. जपानमध्ये १९७० च्या सुमारापासून ते वापरात आहे. ते जंतू मारते, मऊ भाग कठीण करते, पण किडलेली जागा काळी पाडते.

या साधनांनी पोसलेल्या दंतिनावर राळ कशी धरते? जगभर, आणि चेन्नईतील दंत महाविद्यालयांतही, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी याचे पुष्कळ प्रयोग केले आहेत. प्रयोगाची रीत सामान्यतः अशी असते: उपचारासाठी काढलेले दात घ्यावयाचे, त्यांच्या दंतिनावर लेप लावावयाचा, मग राळ चिकटवावयाची, दाताच्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काड्या कापावयाच्या, आणि त्या दोन्ही टोकांनी ओढून किती जोराने तुटतात हे मोजावयाचे. या प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत; किंबहुना वरवर पाहता ते परस्परविरोधी वाटतात. परंतु गवंड्याचे दोन नियम जवळ ठेवले तर त्यांची बरीचशी संगती लागते.

दात निरोगी आणि दंतिन घट्ट असेल, तेव्हा त्याला आणखी खनिज देऊन चिकटपणा वाढत नाही. उलट नलिकांची तोंडे बुजविणारे लेप लावले असतील तर तीव्र आम्लाच्या पद्धतीत राळेला आत शिरण्यास वाट कमी मिळते. आम्लाचा काही जोर वर जमलेला थर विरघळविण्यातच खर्ची पडतो. आणि फ्लोराइडने टणक झालेले खनिज आम्लाला सहज वश होत नाही. बऱ्याच प्रयोगांत अशा वेळी बंध दुर्बळ झालेला आढळतो. हा घासलेल्या भिंतीचा प्रकार. दाताला थंड पाणी झोंबते म्हणून लावलेला लेप त्याच दाताच्या सांध्याला बाधक होऊ शकतो, तो असा.

कीड काढल्यानंतर उरलेल्या मऊ दंतिनाची गोष्ट निराळी. त्यावर राळेचा बंध निरोगी दंतिनापेक्षा मुळातच लक्षणीय कमी असतो, कारण तेथे कठीणपणा नाही, ओलावा अधिक आहे, आणि सौम्य राळेला धरावयास कॅल्शियम अपुरे आहे. हा भुसभुशीत भिंतीचा प्रकार. येथे केसीनचा लेप किंवा तत्सम उपचार आधी केल्याने बंध सुधारल्याचे अनेक प्रयोगांत दिसते, विशेषतः कॅल्शियमशी जोडून घेणाऱ्या सौम्य राळेच्या बाबतीत. काही प्रयोगांत फरक पडत नाही. पण तोटा झाल्याची उदाहरणे निरोगी दंतिनापेक्षा कमी. एकच लेप एका ठिकाणी मित्र आणि दुसऱ्या ठिकाणी अडसर का ठरतो, याचे कारण लेपात नसून ज्या पृष्ठभागावर तो लावला त्या पृष्ठभागात आहे.

निसर्गाने हाच प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवला आहे. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, जो आज आंध्र प्रदेशात आहे, पिण्याच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे लोकांचे दात डागाळतात आणि हाडे ताठरतात, हे शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातील या व्याधीचा तो आरंभीचा शास्त्रीय वृत्तांत. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांत हा त्रास आहे. तुरटी आणि चुना यांच्या साह्याने पाण्यातील फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली, ही आपणा मराठी जनांना अभिमानाची गोष्ट होय. अशा गावांतील माणसाच्या दाताचा बाह्य थर फ्लोराइडमुळे आम्लाला दाद देत नाही. म्हणून दंतवैद्याला आम्ल अधिक वेळ लावावे लागते किंवा तो थर किंचित घासून काढावा लागतो. तसे न केल्यास भरलेला सांधा लवकर निखळतो. रुग्ण कोणत्या गावचे पाणी पिऊन वाढला, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक नव्हे.

चांदीच्या द्रावणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे. त्याला यंत्र लागत नाही, भूल लागत नाही, मूल रडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला, आणि त्याच वेळी काच-आयनोमर सिमेंटचाही केला. हे सिमेंट विल्सन आणि केंट यांनी लंडनमध्ये सिद्ध केले. ते दातातील कॅल्शियमशी आपण होऊन जोडले जाते आणि थोडे फ्लोराइड सोडीत राहते. चांदीच्या द्रावणानंतर राळेचा बंध काही प्रयोगांत घटतो. द्रावण नीट धुऊन काढल्यास किंवा काळा पडलेला वरचा थर हलकेच काढल्यास ही घट बरीच भरून निघते. काच-आयनोमर सिमेंटला मात्र त्याचा विशेष अडथळा होत नाही. खेड्यातील शाळेत आधी द्रावण लावून नंतर या सिमेंटने पोकळी भरण्याची जी पद्धती रूढ होत आहे, तिला हा चांगला आधार आहे.

आणखी एक बाजू आहे. चिकटविलेला सांधा पहिल्या दिवशी मजबूत असतो. वर्षे लोटली की सैल होतो. राळ जाळीच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तेथे काही तंतू उघडे राहतात. दंतिनातच सुप्त असलेली पाचक द्रव्ये आम्लाने जागी होऊन त्या तंतूंना हळूहळू कुरतडतात. येथे खनिज हे संरक्षकाचे काम करू शकेल, अशी संशोधकांची आशा आहे. उघड्या तंतूंमध्ये खनिज पुन्हा बसले तर पाणी हटते आणि तंतू झाकले जातात. त्यासाठी राळेतच कॅल्शियम-फॉस्फेटचे किंवा त्या विशिष्ट काचेचे कण मिसळण्याचे प्रयत्न चालू आहेत. याचा अर्थ, खनिज आधी द्यावे की नंतर, हाही प्रश्न आहेच, आणि कदाचित सांध्याच्या आतून, सावकाश दिलेले खनिज हेच सर्वांत हितकर ठरेल. परंतु प्रयोगशाळेतील काडी आणि चावणारे, लाळेने भिजणारे, दिवसाकाठी अनेकदा गरम-थंड होणारे तोंड यांत अंतर फार आहे. तेव्हा घाईने निर्णय देणे योग्य नव्हे.

मग सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, दंतवैद्याकडे जाताना आपण घरी कोणता विशेष लेप वा मंजन वापरतो आणि पूर्वी दातावर काय लावले होते, ते सांगावे. भांडवलासारखे लपवून ठेवण्याची ती बाब नव्हे. दुसरी, दात ज्या दिवशी भरावयाचा त्या दिवशी आपल्याच मनाने नलिका बुजविणारा लेप लावून जाऊ नये. तिसरी, मऊ भाग पोसण्यासाठी दंतवैद्याने काही आठवड्यांनी पुन्हा बोलाविले तर त्याला चालढकल समजू नये. भिंत वाळण्यास आणि धरण्यास वेळ द्यावा लागतो, तसाच हा अवधी आहे. चौथी, या सूक्ष्म विचाराचा अर्थ फ्लोराइडची साधी टूथपेस्ट सोडावी असा मुळीच नाही. दात किडूच नये यासाठी तिच्याइतके स्वस्त आणि सिद्ध साधन दुसरे नाही. सांध्यात येणारी अडचण दंतवैद्याला दूर करता येते, गेलेला दात मात्र परत येत नाही.

शेवटी माझ्या स्वतःच्या पेशाला साजेशी एक सूचना करतो. शाळांतून मुलांच्या दातांना फ्लोराइडचा लेप किंवा चांदीचे द्रावण लावले जाते, आणि ते लावणारा एक, तर काही वर्षांनी तोच दात भरणारा दुसरा, अशी स्थिती असते. दोघांमध्ये दुवा काही नाही. लस टोचल्याची नोंद ज्याप्रमाणे मुलाच्या कार्डावर होते, त्याप्रमाणे कोणत्या दाताला, कोणत्या तारखेस, काय लावले, एवढी एक ओळ त्याच्या आरोग्यपत्रावर लिहिली जावी आणि ते पत्र मुलासोबत जावे. यास खर्च शाईचा. परंतु पुढे तो दात हाती घेणाऱ्या दंतवैद्याला कोणते आम्ल, किती वेळ आणि कोणते सिमेंट, हे त्या एका ओळीवरून ठरविता येईल, आणि मुलाचा दात पुन्हा पुन्हा कोरला जाण्याचे टळेल.